टोरंटोत घर कुठे घ्यावं आणि तिथलं राहणं कसं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) घेऊन जानेवारीत टोरंटोला येताय, सोबत पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. नोकरी हातात आहे, पगार वर्षाला ९५ हजार डॉलर. ऑफिस शहराच्या मध्यातल्या युनियन स्टेशनजवळ आणि आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. ओळखीचे लोक म्हणतात ब्रॅम्प्टनला बेसमेंट घ्या, भाडं निम्म्यावर येतं. तर टोरंटोत राहणं नक्की कसं असतं, आणि हा सल्ला बरोबर आहे का?

नव्याने आलेल्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रांत मदत करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हा प्रश्न बहुतेक वेळा याच क्रमाने येतो: आधी शहर कसं आहे, मग घर कुठे. खरं तर तो उलटा विचारायला हवा. ज्याला आपण बोलताना टोरंटो म्हणतो ते एक गाव नाही. १९९८ साली सहा नगरपालिका एकत्र करून आजची टोरंटो महापालिका झाली. तिची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साधारण २८ लाख होती आणि आजूबाजूची उपनगरं धरली तर ६२ लाख. ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा या तर वेगळ्याच महापालिका, त्यांच्या बस वेगळ्या, शाळा मंडळं वेगळी. त्यामुळे ‘टोरंटोत राहणं’ हे यंग स्ट्रीटवरच्या विसाव्या मजल्यावर एक असतं आणि ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये अगदी दुसरं. तुमचा पत्ता ठरला की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. तीन दिवसांचं ऑफिस पाच दिवसांचं झालं तर गणित बदलतं. पत्नीला लगेच नोकरी लागली तर बदलतं, आणि गाडी घेतली तर फारच बदलतं. मी खाली धरून चाललोय की पहिलं वर्षभर एकाच पगारावर आणि गाडीशिवाय राहायचं आहे.

आता पैसे. ओंटारियोत, म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे तिथे, ९५ हजारांवर आयकर, सीपीपी (सरकारी पेन्शन) आणि ईआय (बेरोजगारी विमा) कापून महिन्याला हातात सुमारे ५,८०० डॉलर येतात. कंपनीची पेन्शन किंवा विम्याची कपात असेल तर थोडे कमी. टोरंटोत मेट्रोजवळच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं सध्या साधारण २,६०० ते ३,००० आणि एक बेडरूमचं २,१०० ते २,४०० धरा. ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटला १,४०० ते १,८०० पडतात. म्हणजे फरक महिन्याला हजारभराचा आहे, आणि एवढ्यावरच थांबलं तर बेसमेंटच जिंकतं.

पण इथे गोम मुलीच्या शाळेची आहे. सकाळी पावणेनऊ ते दुपारी सव्वातीन-साडेतीन अशी शाळेची वेळ असते. त्यापुढे मुलीला शाळेतल्याच पाळणाघरात ठेवलं तर ते संध्याकाळी सहाला बंद होतं, आणि उशीर झाला की मिनिटाच्या हिशोबाने दंड लागतो. आज पत्नी घरी असल्याने हा प्रश्न दिसत नाही. तिला नोकरी लागली की त्याच आठवड्यात तो उभा राहतो. युनियनहून ब्रॅम्प्टनची गो ट्रेन, म्हणजे उपनगरांना जोडणारी रेल्वे, पाऊण तासाच्या आसपास घेते. त्यात ऑफिस ते फलाट, ट्रेनची वाट, उतरल्यावर बसची वाट आणि शेवटचं चालणं मिळवा. दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास होतो. पाचला निघालेला माणूस सव्वासहा-साडेसहाला पोहोचतो. कुणाला तरी कामाचे तास कमी करावे लागतात, आणि बहुतेक घरांत ते बाईच करते. किंवा मग गाडी येते. गाडीचा हप्ता, इंधन आणि विमा मिळून महिन्याला ९०० डॉलर सहज जातात. नवख्या चालकाला, त्यातही ब्रॅम्प्टनच्या पिनकोडवर, विमा सगळ्यांत महाग पडतो. भाड्यात वाचवलेले हजार तिथे संपले.

दुसरं कारण मला पैशांपेक्षा मोठं वाटतं. जानेवारीत, गाडी नसताना, उपनगरातल्या गल्लीच्या आतल्या बेसमेंटमध्ये दिवसभर एकटं असणारी व्यक्ती अडकते. बसथांबा दहा मिनिटांवर, बस अर्ध्या तासाने, बाहेर उणे पंधरा आणि सोबत लहान मूल. दुकानाला जाणं हाच एक बेत होऊन बसतो. मेट्रोजवळ राहणाऱ्या घरात असं होत नाही, कारण चालत पाच मिनिटांवर वाचनालय असतं, किराणा असतो, पोहण्याचा सार्वजनिक तलाव असतो. टोरंटो पब्लिक लायब्ररीच्या शंभर शाखा आहेत आणि सभासदत्व फुकट. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अर्लीऑन नावाची केंद्रं आहेत, तीही फुकट. पहिल्या महिन्यात दुसऱ्या आयांशी ओळखी तिथेच होतात.

म्हणून तुमच्यासारख्या घराला मी तीन पट्टे सांगतो. पहिला नॉर्थ यॉर्कचा, यंग स्ट्रीटवर शेपर्ड ते फिंच: तिथून मेट्रोच्या लाइन १ ने युनियन अर्ध्या-पाऊण तासात, गाडी बदलावी लागत नाही. दुसरा पश्चिमेला इझलिंग्टन–किपलिंगचा, लाइन २ चं टोक. तिथली जुनी भाड्याची टॉवर मोठ्या खोल्यांची आहेत आणि मिसिसागाच्या बसही किपलिंगलाच येतात, म्हणजे मराठी किराणा आणि ओळखीची माणसं दोन्ही जवळ. तिसरा, मिसिसागातच राहायचं असेल तर पोर्ट क्रेडिट किंवा क्लार्कसन, लेकशोअर वेस्टच्या गो मार्गावर. ही गाडी दिवसभर दोन्ही दिशांना असते. मिल्टन मार्गावरच्या कुक्सव्हिल, एरिंडेल, स्ट्रीट्सव्हिल या स्थानकांना मात्र फसू नका. नकाशावर ती जवळ दिसतात, पण तिथे गाड्या फक्त कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी आणि गर्दीच्याच दिशेने धावतात. दुपारी शाळेतून फोन आला तर बसशिवाय मार्ग नाही.

घर पाहताना अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळी साडेसातला, दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत, असं नकाशाच्या अॅपमध्ये टाकून पाहा. प्रवासाचं तिकीट हा त्यामानाने सोपा भाग आहे. प्रेस्टो कार्ड किंवा बँकेचं कार्ड टॅप केलं की टीटीसीचे (टोरंटोची मेट्रो, बस आणि ट्राम) ३ डॉलर ३० सेंट जातात आणि दोन तास कितीही गाड्या बदलता येतात. २६ फेब्रुवारी २०२४ पासून गो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि यॉर्कच्या गाड्यांतून टीटीसीत बदलताना दुसरं भाडं लागत नाही, मात्र टॅप दोन्हीकडे त्याच कार्डाने करायचं. बारा वर्षांपर्यंतची मुलं टीटीसीवर फुकट.

भाड्याच्या घरांचे इथे मुख्यतः तीन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळला की अर्धे घोटाळे टळतात.

भाड्यासाठीच बांधलेल्या इमारती बऱ्याचशा साठ-सत्तरच्या दशकातल्या. लिफ्ट हळू, धुलाईयंत्रं तळघरात सामाईक, कधीकधी झुरळं. पण खोल्या ऐसपैस, हीटिंग आणि पाणी बहुधा भाड्यातच, आणि मालक कंपनी असल्यामुळे ‘मला स्वतःला राहायचंय, तुम्ही निघा’ असं सांगणारं कुणी नसतं. अशी इमारत बघायला जाण्याआधी महापालिकेच्या रेंटसेफटीओ कार्यक्रमात तिला किती गुण मिळालेत ते पाहा, संकेतस्थळावर उघड असतात. मूल असलेल्या कुटुंबाला मी डोळे मिटून हाच प्रकार सांगतो.

काँडो म्हणजे कुणा गुंतवणूकदाराचा फ्लॅट. नवा, चकचकीत, धुलाईयंत्र घरातच. त्याला दोन धोके आहेत. जी जागा १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथम वापरात आली, तिला सरकारी भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. बाकीच्या घरांना ही मर्यादा आहे, २०२५ साली ती २.५ टक्के होती आणि २०२६ साठी २.१ टक्के. नव्या काँडोत मालक वर्षभराने, नव्वद दिवसांची लेखी सूचना देऊन, वाटेल तेवढं वाढवू शकतो. म्हणून ‘ही इमारत केव्हा लोकांच्या राहण्यात आली’ हा प्रश्न भाडं विचारायच्या आधी विचारा. दुसरा धोका, मालकाला खरोखर स्वतःसाठी किंवा जवळच्या नातेवाइकासाठी जागा हवी असेल तर करार संपल्यावर एन१२ नावाची नोटीस देऊन तो तुम्हाला काढू शकतो. त्यासाठी त्याला सहसा एक महिन्याचं भाडं भरपाई द्यावी लागते, पण मुलीची शाळा बदलायची ती बदलतेच.

आणि बेसमेंट. सगळी वाईट नसतात. पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय होकार देऊ नका: बाहेर पडायला दुसरी वाट, किंवा निदान माणूस निघू शकेल एवढी मोठी खिडकी; धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म; आणि बेसमेंट वेगळं घर म्हणून महापालिकेत नोंदलेलं असल्याचा पुरावा. स्वयंपाकघर किंवा बाथरूम मालकाच्या कुटुंबाबरोबर सामाईक असेल तर ओंटारियोचा भाडेकरू कायदा तुम्हाला लागूच होत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. तिथे मालक उद्या जा म्हणाला तर तुमच्या बाजूने बोलायला घरमालक-भाडेकरूंचे वाद सोडवणारं लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड नाही. ‘आपल्याच माणसाचं घर’ हा कागदाला पर्याय नव्हे.

कागद म्हणजे काय, तर ओंटारियोचा ठरावीक नमुन्यातला भाडेकरार. ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांना तोच वापरावा लागतो. मालक आगाऊ काय घेऊ शकतो? पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि चावीची परत मिळणारी, चावीच्या किमतीइतकी अनामत. बस. पुण्यात आपण देतो तसं डिपॉझिट, मोडतोडीची अनामत, सहा महिन्यांचं आगाऊ भाडं यांतलं काहीही मालक मागू शकत नाही. तरी नव्या माणसाकडे सर्रास मागतात, कारण त्याला माहीत नसतं आणि त्याची घाई असते. इथला क्रेडिट इतिहास नाही किंवा आधी इथे भाड्याने राहिला नाहीत, एवढ्यावरून नकार देणंही मानवाधिकार संहितेत बसत नाही. प्रत्यक्षात वाद घालण्यापेक्षा एक गठ्ठा तयार ठेवलेला कामाला येतो: नोकरीचं पत्र, बँकेतल्या शिलकीचा दाखला, पुण्याच्या मालकाचं चार ओळींचं पत्र, पासपोर्ट आणि पीआरचा कागद, सगळं एका पीडीएफमध्ये. ज्याची फाइल दुपारी पोहोचते त्याला घर मिळतं, आणि ‘संध्याकाळी पाठवतो’ म्हणणाऱ्याचं हुकतं.

फसवणूक जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने होते. बाजारभावापेक्षा चार-पाचशे डॉलर स्वस्त घर, फोटो सुंदर, मालक ‘सध्या देशाबाहेर’ आणि घर राखून ठेवायला इंटरॅक ई-ट्रान्स्फरने (इथली बँकेतून लगेच पैसे पाठवण्याची सोय) एक महिन्याचं भाडं. हे पैसे परत येत नाहीत. भारतातून घर पक्कं करून येण्याच्या मोहात पडू नका. तीन-चार आठवड्यांची तात्पुरती जागा घ्या आणि घर स्वतः पाहून करार करा. जानेवारी यासाठी चांगला महिना आहे. घरं कमी असतात, पण बघणारे त्याहून कमी, आणि रिकामी जागा फेब्रुवारीत तशीच पडून राहू नये म्हणून मालक घासाघीस ऐकतो. करार बहुतेक एक तारखेपासून सुरू होतात, म्हणून शक्य असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरा आणि १ फेब्रुवारीचं घर धरा. विसाव्या तारखेला उतरलात तर तात्पुरत्या जागेचं भाडं विनाकारण वाढतं.

हातात किती पैसे असावेत? पहिलं-शेवटचं मिळून पाच-साडेपाच हजार, तात्पुरती जागा दोन-अडीच हजार, गाद्या आणि गरजेचं फर्निचर दोन हजार, थंडीचे कपडे हजार, पहिला पगार येईपर्यंतचा खर्च. १५ हजार डॉलर सहज काढता येतील असे असू द्या. घरात फ्रिज आणि शेगडी मिळते, बाकी काही नाही. दिवाणखान्याच्या छताला दिवासुद्धा बऱ्याच फ्लॅटमध्ये नसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी उभा लॅम्प आणा. संध्याकाळी लवकर काळोख होतो.

वीजबिलाला इथे ‘हायड्रो’ म्हणतात. जाहिरातीत ‘प्लस हायड्रो’ लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न: हीटिंग कशावर आहे? भिंतीच्या तळाशी विजेचे लांबट हीटर असतील तर जानेवारी-फेब्रुवारीचं बिल उन्हाळ्याच्या कितीतरी पट येतं. इमारतीच्या बॉयलरवर हीटिंग असेल तर ते सहसा भाड्यातच धरलेलं असतं. मालकाने हीट पुरवायची असेल तर टोरंटोच्या नियमाप्रमाणे थंडीच्या महिन्यांत घर किमान २१ अंश ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नसेल तर महापालिकेच्या ३११ ला फोन करा.

थंडीविषयी लोक उगाच घाबरवतात, आणि मग चुकीची खरेदी होते. पुण्यातून जाड जॅकेट आणू नका, इथे येऊन घ्या. चांगला कोट १५० ते ३०० डॉलरमध्ये मिळतो, आणि मुलांचे कपडे जुन्या वस्तूंच्या दुकानात जवळजवळ नवे मिळतात कारण मूल दर वर्षी वाढतं. खरं काम थरांचं आहे. आतला थर सुती नको, सुती कापड घाम धरतं आणि मेट्रोतून बाहेर आलात की तेच ओलं कापड गार पडतं. लोकर किंवा सिंथेटिक घ्या. मधे हलका उबदार थर, वर वारा अडवणारा. एकच जाडजूड स्वेटर घातलात तर गाडीत उकडेल आणि बाहेर वारा लागेल. बूट अर्धा नंबर मोठे, खालचा भाग रबराचा. घट्ट बुटात दोन मोजे घातले तर रक्त फिरत नाही आणि पाय अधिकच गार पडतात. मुलीसाठी बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे मिटन, तेही दोन जोड, कारण एक रोज ओला होतो.

बर्फापेक्षा त्रास होतो तो बर्फ वितळून पुन्हा गोठतो तेव्हा. रस्त्याच्या कडेला चिखलासारखा लगदा साचतो आणि तो वरून घट्ट दिसतो; पाय ठेवला की घोट्यापर्यंत पाणी. चालताना बदकासारखी आखूड, सपाट पावलं टाका आणि हात खिशाबाहेर ठेवा. पदपथावरच्या मिठाचे पांढरे डाग बुटांवर राहिले तर चामडं तडकतं, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्याच रात्री पुसायचं. घरातली हवा इतकी कोरडी होते की मुलांच्या नाकातून रक्त येतं. घाबरून जाऊ नका, साधा ह्युमिडिफायर लावा. पण आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या वर नेऊ नका. आपल्याकडे रोजची कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांनी ती आधीच वाढते, खिडकीच्या काचेवर पाणी जमतं आणि दोन महिन्यांत चौकटीला काळी बुरशी धरते.

स्वयंपाकघराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. फ्लॅटमध्ये शेगडी बहुतेक विजेची. पोळ्यांना सपाट बुडाचा तवा लागतो, खोलगट तवा मधेच तापतो. फुलके फुगवायचे तर शेगडीवर जाळी ठेवावी लागते. वरचा एक्झॉस्ट कित्येकदा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत घरातच सोडतो. मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. अशा वेळी नवीन माणूस हमखास जे करतो ते मात्र करू नका: धूर जावा म्हणून मधल्या मार्गिकेचं दार उघडणं. घरातला अलार्म बहुधा घरापुरता असतो. मार्गिकेतला सेन्सर इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असतो. तो लागला की सगळी इमारत घंटा ऐकते आणि अग्निशमनाच्या गाड्या येतात. बाल्कनीचं दार उघडा, अलार्मखाली टॉवेल हलवा, आणि फोडणीचा वास कोटांना लागू नये म्हणून कोटांचं कपाट बंद ठेवून मगच कढई तापत ठेवा.

शाळेच्या डब्यातही एक अडचण आहे. बऱ्याच शाळांत शेंगदाणे चालत नाहीत, कुणाच्या तरी मुलाला जिवावर बेतणारी अॅलर्जी असते. म्हणजे दाण्याचं कूट घातलेली साबुदाणा खिचडी, कोशिंबीर, दाण्याची चटणी हे सगळं घरीच. तिळाबद्दल शाळेला विचारून घ्या. पाच वर्षांची मुलगी सीनियर किंडरगार्टनमध्ये जाईल. ते पूर्ण दिवसाचं आणि फुकट असतं. प्रवेश पत्त्यावर मिळतो, तात्पुरत्या जागेच्या पत्त्यावर बहुधा मिळत नाही. पण ओंटारियोत शाळा सक्तीची होते ती सहाव्या वर्षी, त्यामुळे तीन-चार आठवडे गेले तरी काही बिघडत नाही. लसींची नोंद मात्र आत्ताच, तारखांसकट, इंग्रजीत डॉक्टरांकडून लिहून आणा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि मेनिंगोकोकल या लसी शाळेसाठी लागतात, आणि आपल्याकडच्या कार्डांवर शेवटच्या दोन बऱ्याचदा नसतात.

उतरल्यावरचा क्रम सोपा आहे. सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाकडून सिन क्रमांक (नोकरी आणि करासाठी लागणारा ओळख क्रमांक), बँक खातं, स्थानिक फोन. मग पत्त्याचा पुरावा हाती आला की सर्व्हिसओंटारियो या प्रांताच्या कार्यालयात ओहिपचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड. आधी तीन महिने थांबावं लागायचं, ते २०२० पासून बंद झालं. ओहिपमध्ये डॉक्टर आणि रुग्णालय येतं. मोठ्यांची औषधं, दात आणि चष्म्याची तपासणी येत नाही, ती कंपनीच्या विम्यातून, म्हणून ऑफर पत्रात विमा पहिल्या दिवसापासून आहे की तीन महिन्यांनी ते तपासा. फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो. डॉक्टर शोधून देणाऱ्या हेल्थ केअर कनेक्ट या सरकारी सेवेत नाव नोंदवा आणि तोवर वॉक-इन क्लिनिक. रात्री-अपरात्री आणीबाणी नसेल तर ८११ वर नर्सशी बोलता येतं. इमर्जन्सीत सर्दी-तापासाठी गेलात तर सहा-आठ तास बसून राहाल, कारण तिथे क्रम येण्याच्या वेळेवर नाही, आजाराच्या तीव्रतेवर लागतो.

पहिल्याच महिन्यात मुलांच्या भत्त्याचा, म्हणजे कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा अर्ज भरा. जुलै २०२५ ते जून २०२६ या काळासाठी सहा वर्षांखालच्या मुलामागे तो वर्षाला कमाल ७,९९७ डॉलर आहे, आणि तुमचा किती बसेल ते कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं, ज्यात भारतातलं उत्पन्नही सांगावं लागतं. पुढे दर वर्षी ३० एप्रिलपर्यंत दोघांनीही विवरणपत्र भरायचं, पत्नीचं उत्पन्न शून्य असलं तरी. तिने भरलं नाही तर भत्ता थांबतो, आणि ‘कमाईच नाही तर भरायचं कशाला’ म्हणून दर जुलैत हा प्रकार कित्येक घरांत होतो.

गाडी पहिल्या हिवाळ्यात घेऊ नका, पण तिची तयारी पुण्यातच करा. भारतीय लायसन्सवर इथे स्थायिक झाल्यावर ६० दिवसच चालवता येतं. मग लेखी परीक्षा, ४० प्रश्न, वीस-वीसचे दोन भाग आणि प्रत्येकात किमान १६ बरोबर. भारतात दोन वर्षांहून अधिक गाडी चालवल्याचा अधिकृत पुरावा असेल तर मधली परीक्षा टाळून थेट शेवटची रस्त्यावरची परीक्षा देता येते. तो पुरावा आरटीओकडून निघण्याआधीच घेऊन ठेवा, इथून मागवायला महिने जातात.

सामानाचं सांगतो. मिक्सर आणू नका. इथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता घुरघुरतो. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या दुकानांत मिळतात. कुकर आणायचा तर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा. पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, पुरणयंत्र जरूर आणा. सोन्याच्या दागिन्यांची फोटो आणि किमतीसह यादी करून विमानतळावर कस्टम्सला दाखवा, आणि जे सामान मागून येणार आहे त्याची वेगळी यादी त्याच वेळी शिक्का मारून घ्या. ती यादी पहिल्या दिवशी दिली नाही तर वर्षभराने आईने पाठवलेल्या चांदीच्या भांड्यांवर कर भरावा लागतो, आणि तेव्हा विमानतळावर परत जाऊन ती करता येत नाही.